परळच्या पाटीवरचा अणू

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरगावच्या पेशंटना मदत करायला मी आठवड्यातून दोन दिवस जाते. केसपेपर कुठे काढायचा ते दाखवायचं, रिपोर्ट आणून द्यायचे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का बघायचं, असली साधीच कामं. मागे जालन्याकडच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेच्या छातीत गाठ. रांग लांबलचक. बसल्या बसल्या मावशींनी समोरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि मला विचारलं, ताई, हा दवाखाना भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाचा कसा काय? अणू म्हणजे बॉम्ब ना? मग बॉम्बवाल्यांचा आणि माझ्या सुनेच्या गाठीचा काय संबंध?

मला उत्तर येईना! लग्न होऊन लालबागला आले त्याला वीस वर्षं झाली, ती पाटी शंभरदा पाहिली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यात मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. शेवटी आमच्या चाळीतल्या एका काकांना गाठलं. ते ट्रॉम्बेला रसायनशास्त्राच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेत. त्यांनी वह्या काढल्या, चित्रं काढून दाखवली, दोन पुस्तकं दिली. त्यातून मला एक माणूस सापडला. नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे, होमी भाभा. पण पाठ केलेलं नाव वेगळं आणि कळलेला माणूस वेगळा.

होमींचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतल्या सधन पारशी घरातला. वडील जहांगीर वकील, आईचं नाव मेहेरबाई. आत्याचंही नाव मेहेरबाईच, आणि ही आत्या म्हणजे लेडी मेहेरबाई टाटा, जमशेटजींच्या थोरल्या मुलाची, दोराबजींची पत्नी. बाई मोठी झोकदार होती. साडी नेसून टेनिस खेळायची, अगदी 1924 च्या ऑलिम्पिकमध्येसुद्धा. बालविवाहाविरुद्ध भाषणं करायची, बायकांच्या शिक्षणासाठी झटायची. अशी ही आत्या 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेली. होमी तेव्हा केंब्रिजला शिकत होते, एकवीस वर्षांचे. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. आपली संपत्ती ते एका ट्रस्टला देऊन गेले होते. त्या ट्रस्टच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 ला परळला कॅन्सरचं हॉस्पिटल उघडलं. तेच हे टाटा हॉस्पिटल. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एका आत्याच्या आजारपणात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर जरा लांबून येतं.

होमींना इंग्लंडला पाठवलं होतं ते इंजिनिअर होण्यासाठी. परत येऊन त्यांनी जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात लागावं असा घरच्यांचा बेत. मुलाला मात्र गणित आणि पदार्थविज्ञानाचं वेड. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंगला पहिला वर्ग मिळव, मग गणिताला पैसे देतो. होमींनी 1930 साली पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला. (आपल्याकडे किती वडील पाळतात?) पुढे विश्वकिरणांवरच्या कामाने त्यांचं नाव झालं. 1939 साली सुट्टीला म्हणून ते मुंबईला आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. मग बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम धरलं. 1941 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्याच वर्षी, म्हणजे फेब्रुवारी 1941 मध्ये, तिकडे अमेरिकेत बर्कलेला ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी एक नवं मूलद्रव्य ओळखलं. त्याचंच नाव पुढे प्लुटोनियम. निसर्गात ते जवळजवळ नाहीच, बनवावं लागतं. युरेनियमच्या अणूत एक न्यूट्रॉन शिरला की काही दिवसांत त्याचं आपोआप प्लुटोनियम होतं. दुधाला विरजण लावून ठेवावं तसं! आणि हे नवं बाळ ओळखलं कशावरून, तर फ्लोराइडवरून. आपल्या टूथपेस्टवर लिहिलेलं असतं ना, तेच फ्लोराइड. काकांनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, खरंच तेच का म्हणून.

गंमत अशी की प्लुटोनियम फार रंग बदलणारं आहे. एकच धातू, पण तो किती इलेक्ट्रॉन सोडतो त्यावर त्याचा स्वभाव आणि रंग ठरतो. तीन सोडले तर पाण्यात निळसर, चार सोडले तर पिवळट तपकिरी, सहा सोडले तर गुलाबी-नारिंगी. हळदीत चुना पडला की लाल होते, तसंच काहीसं हे दिसायला, कारण मात्र निराळं. तीन किंवा चारच्या अवस्थेत असताना पाण्यात फ्लोराइड घातलं की प्लुटोनियम दुसऱ्या एखाद्या फ्लोराइडच्या साक्याबरोबर तळाशी बसतं. सहाच्या अवस्थेत नेलं की बसत नाही, वरच्या पाण्यातच राहतं. कधी खाली बसतं, कधी वर राहतं, या वागण्यावरून शास्त्रज्ञांना कळलं की हा जुना ओळखीचा कुणी नाही, नवाच पाहुणा आहे. सप्टेंबर 1942 मध्ये पहिल्यांदा त्याचं वजन झालं, तेही त्याच्या ऑक्साइडचं. भरलं 2.77 मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. खसखशीचा एक दाणासुद्धा त्यापुढे डोंगर. पुढच्या वर्षी फ्लोराइडपासूनच शुद्ध धातूचा पहिला कण निघाला. आणि 9 ऑगस्ट 1945 ला नागासाकीवर पडलेला बॉम्ब याच प्लुटोनियमचा होता.

इकडे भाभांना हे तपशील कळायचा मार्ग नव्हता, सगळं गुप्त. तरी मार्च 1944 मध्येच त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं होतं. अणूची शक्ती वीस-एक वर्षांत वापरात येईल, तेव्हा तज्ज्ञ परदेशात शोधायची वेळ येऊ नये, म्हणून आत्ताच संस्था काढा, असा त्याचा आशय. हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधी! आत्याच्या नवऱ्याच्या त्याच ट्रस्टने पैसे दिले. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि मुंबईत तिचा संसार मांडला तो पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात, होमींच्या मावशीच्या घरी, अर्ध्या जागेत. पुढे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि मग कुलाब्याला. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी अणुऊर्जा आयोग नेमला 1948 साली, अध्यक्ष भाभा. 1954 साली ट्रॉम्बेच्या डोंगराआड, खाडीकाठी अणुकेंद्राला सुरुवात झाली. 4 ऑगस्ट 1956 ला तिथे अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी चालू झाली, जुलै 1960 मध्ये कॅनडाच्या मदतीने सायरस.

1955 साली जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद भरली, अणूचा शांततेसाठी वापर या विषयावर. अध्यक्षस्थानी भाभा. या परिषदेत बड्या देशांनी इतकी वर्षं दडवून ठेवलेली बरीच विद्या पहिल्यांदा उघड केली, तिच्यात जळक्या युरेनियममधून प्लुटोनियम वेगळं काढायची रीतही होती. 1958 साली भाभांनी ठरवलं की हा कारखाना आपणही ट्रॉम्बेला उभारायचा. नाव ठेवलं फिनिक्स. फिनिक्स म्हटलं की आम्हा लालबाग-परळवाल्यांना लोअर परळची मिल आठवते, पण हे फिनिक्स निराळं. राखेतून पुन्हा जन्मणारा पक्षी तो, आणि इथेही भट्टीतल्या राखेतूनच माल काढायचा होता.

आता हा कारखाना काय करतो ते सांगते, कारण मला तोच भाग सगळ्यात आवडला. सायरसमधून निघालेल्या युरेनियमच्या कांड्या इतक्या जहाल असतात की जवळ जाता येत नाही. त्या पाण्यात बुडवून काही महिने निवू द्यायच्या. मग जाड भिंतींच्या आड, माणसाचा हात न लावता, नायट्रिक आम्लात विरघळवायच्या. या रश्श्यात युरेनियम बक्कळ, प्लुटोनियम जेमतेम (टनामागे किलोभर म्हटलं तरी जास्तच) आणि बाकी सगळी विखारी रद्दी. त्यात रॉकेलसारखं तेल घालायचं, तेलात ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं द्रव्य मिसळलेलं. मग घुसळायचं. ताकावर लोणी यावं तसं तेल वर येतं, आणि येताना युरेनियम-प्लुटोनियम दोघांना घेऊन येतं. रद्दी खाली आम्लात राहते. आता दोघांची ताटातूट कशी करायची? तर प्लुटोनियमला चारवरून तीनच्या अवस्थेत आणायचं. तीनच्या अवस्थेत त्याला तेल आवडत नाही, ते मुकाट्याने पाण्यात उतरतं. युरेनियम तेलातच राहतं. केवढी साधी युक्ती!

साधी म्हणायची ती कागदावर. प्लुटोनियम एका जागी ठराविक मापापेक्षा जास्त साठलं तर आपोआप साखळी पेटते. म्हणून तिथे आपल्यासारखं ऐसपैस पातेलं चालत नाही, भांडी अरुंद, उंच नाहीतर चपटी. त्याचे किरण कागदानेही अडतात, पण कण श्वासातून आत गेला तर फुप्फुसात आणि हाडांत ठाण मांडून बसतो. म्हणून हवाबंद काचेच्या पेटीत, पेटीलाच बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. काका म्हणाले, त्या मोज्यांत नाक खाजवायला हात बाहेर काढायचा तरी आधी तपासणी.

वेगळं केलेलं प्लुटोनियम भाजलं की त्याची पूड होते, ऑक्साइड. इथे दोन वाटा फुटतात. ऑक्साइड तसंच ठेवलं तर ते अणुभट्टीचं इंधन होऊ शकतं. ट्रॉम्बेला 1972 साली अशाच प्लुटोनियमच्या ऑक्साइडवर एक छोटी भट्टी चालू झाली, तिचं नाव पूर्णिमा. (अप्सरा, पूर्णिमा, पुढे कल्पाक्कमला कामिनी. एवढी बायकांची नावं दिली, पण सुरुवातीच्या फोटोंत बायका शोधाव्या लागतात. बिभा चौधरींना भाभांनी 1949 साली टाटा संस्थेत घेतलं, त्या तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक.)

दुसरी वाट फ्लोराइडची. तापलेल्या ऑक्साइडवरून हायड्रोजन फ्लोराइडचा वायू सोडतात. हा वायू महा दुष्ट, काच खातो, कातडीतून हाडापर्यंत पोचतो. त्यातून तयार होतं प्लुटोनियम टेट्राफ्लोराइड, तांबूस तपकिरी पूड. प्लुटोनियमची फ्लोराइडं आणखीही आहेत. तीन फ्लोरिनवालं जांभळं असतं. सहा फ्लोरिनवालं तर बावन्न अंशालाच वितळतं आणि बासष्टला उकळून उडून जातं, म्हणजे आपल्या चहाच्या आधणाच्या कितीतरी आधी. धातूसाठी लागतं ते मात्र चारवालं. ते कॅल्शियमच्या तुकड्यांबरोबर बंद भांड्यात तापवतात. कॅल्शियम फ्लोरिनचं इतकं हावरट की त्याला ओढून घेतं आणि प्लुटोनियमला मोकळं करतं. भांडं निवलं की तळाशी जड धातूची चकती आणि वर कॅल्शियम फ्लोराइडची मळी. हे फ्लोराइड हाताळताना आणखी एक भीती. प्लुटोनियमचे कण फ्लोरिनवर आपटून न्यूट्रॉन उडतात, त्यामुळे ऑक्साइडपेक्षा इथे जास्त आडोसा लागतो.

आणि हा धातू मुख्यतः लागतो बॉम्बला.

भाभांच्या मनात काय होतं? जाहीरपणे ते विजेचंच बोलत. आपल्याकडे युरेनियम थोडं, थोरियम अमाप. म्हणून आधी युरेनियम जाळायचं, त्यातून प्लुटोनियम काढायचं, त्याच्या भट्ट्यांत थोरियमपासून नवं इंधन करायचं, असा तीन टप्प्यांचा त्यांचा आराखडा. त्यात प्लुटोनियम म्हणजे मधला दुवा, ते नसेल तर पुढचा संसारच अडला. हे खरंच आहे. पण ऑक्टोबर 1964 मध्ये चीनने अणुस्फोट केला, तेव्हा आठवडाभराने भाभा आकाशवाणीवर बोलले आणि बॉम्ब किती स्वस्तात होतो याचे आकडे दिले. एका बॉम्बला काही लाख रुपये! मला इथे त्यांचा राग येतो. शिऱ्याचा खर्च सांगताना नुसत्या रव्याचा भाव सांगावा आणि तूप, साखर, गॅस, कढई काहीच धरू नये, असा तो हिशोब होता. अणुभट्टी आणि प्लुटोनियमचा कारखाना त्यात धरलेलाच नव्हता. विजेबद्दलचे त्यांचे अंदाजही फार फुगलेले निघाले. इतक्या हुशार माणसाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

फिनिक्स 1964 साली चालू झाला, 22 जानेवारी 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी त्याचं उद्घाटन केलं. बांधकामाची धुरा होमी सेठनांकडे होती आणि काम बहुतेक आपल्याच पोरांनी केलेलं. 1957 पासून भाभांनी ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा काढली होती. गिरगाव-दादरच्या चाळींतली, दोन खोल्यांत अभ्यास केलेली मुलं तिथे गेली. आमचे काका त्यातलेच. घरी बायकोलाही कामातलं काही सांगायचं नाही, असा शिरस्ता. काकू म्हणतात, चाळीस वर्षं मी डबा भरला पण तो कुठे उघडतात ते मला माहीत नाही.

आता मावशींचं उरलेलं उत्तर. आत्याच्या नावाशी जोडलेलं परळचं हॉस्पिटल 1957 साली टाटांनी सरकारच्या आरोग्य खात्याला दिलं होतं. 1962 साली ते आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा विभागाकडे आलं, भाभांच्या आग्रहावरून. त्यांचं म्हणणं असं की कॅन्सरच्या उपचारात किरणांचं काम वाढत जाणार, तर किरण जाणणारे आणि रोगी जाणणारे एका छताखाली असावेत. एकीकडे फिनिक्सचं बांधकाम चाललेलं आणि त्याच माणसाच्या टेबलावर हॉस्पिटलची फाइल. कोबाल्टचा तुकडा अणुभट्टीत ठेवला की तो किरणं देऊ लागतो, त्याच्यावर गाठी जाळतात. ट्रॉम्बेने अशा कोबाल्टचं देशी यंत्र बनवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. पहिलं बसलं ते 2005 च्या सुमारास, टाटांच्याच खारघरच्या केंद्रात, आणि आता ते लहान शहरांतल्या दवाखान्यांतही दिसतं. एवढंच नाही, प्लुटोनियम काढून घेतल्यावर खाली आम्लात राहिलेली ती विखारी रद्दी आठवते ना? तिच्यातलं सीझियम आता वेगळं काढून रक्तपेढीत रक्तावर किरण द्यायला वापरतात, आणि रुथेनियमच्या चकत्या डोळ्याच्या कॅन्सरवर.

भाभांना यातलं काही बघता आलं नाही. 24 जानेवारी 1966 ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना त्यांचं एअर इंडियाचं कांचनजंगा विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. 117 माणसं होती, एकही वाचलं नाही. वय अवघं छप्पन्न. फिनिक्सचं उद्घाटन होऊन वर्ष आणि दोन दिवस झाले होते. पुढच्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. आणि 18 मे 1974 ला पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसमध्ये बनलेलं, फिनिक्समध्ये वेगळं केलेलं. शांततेसाठी म्हणून दिलेल्या भट्टीतलं, म्हणून कॅनडाने हात आखडता घेतला. सायरस 2010 च्या शेवटी कायमची बंद झाली.

हे सगळं गोळा करून मावशींना सांगायला गेले तोवर सुनेची किरणं सुरू झाली होती. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी जमेल तसं सांगितलं, आत्याचं, पत्राचं, तेला-पाण्याचं. मावशींनी लोण्याचं ऐकताना मान डोलावली. बॉम्बचं सांगितलं तेव्हा काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, त्या साहेबांना मुलंबाळं किती? मी म्हटलं, लग्नच केलं नाही. चित्रं काढायचे, गाणं ऐकायचे, झाडांचं फार वेड होतं. मावशी म्हणाल्या, आत्या असती तर जमवलं असतं तिने. तेवढ्यात सुनेचा नंबर पुकारला आणि त्या पिशवी उचलून आत गेल्या.